पाचवीची लेखणी

तिसगावच्या झुंबरबाई पाचवीला बाळाच्या उशाशी अजूनही मोरपिसाची लेखणीच ठेवतात. सटवाई बॉलपेननं लिवत न्हाई, म्हणतात.

कागद कोराच राहतो, पण सकाळी लेखणीचं टोक झिजलेलं असतं. त्यांच्या थोरल्या अजिनाथच्या वेळी ते पार बोथट झालं होतं. धाकटीच्या वेळी जेमतेम झिजलं, आणि ती सहाव्या वर्षी गेली.

आज नातीच्या उशाची लेखणी त्यांनी उचलली. टोक तासलं होतं तसंच होतं.

सून जागी व्हायच्या आत त्या बाहेर आल्या आणि टोक उंबऱ्याच्या दगडावर घासू लागल्या.

"आत्याबाई, किती झिजलंय?" आतून सुकन्यानं विचारलं.

"लई झिजलंय गं," म्हणत त्या घासत राहिल्या.

टोक होतं तसंच होतं; दगडाला खाच पडत चालली होती.