काळ्या धुराला तीन दिस

अवधूत, तू आदी बस. बस आन् निस्तं ऐक, मधी बोलू नगंस, न्हाईतर माजं इसरंल.

लालासाबाच्या गुऱ्हाळाच्या धुराड्यातनं काळा धूर निघाला. काळा म्हंजी डांबरासारखा, भर दुपारी. आन् पयला बघितला कुणी? खुद्द लालासाबानंच! हंबीररावाच्या गाडीवर मागं बसून कराडच्या बाजारातनं येत व्हता. हंबीररावानं गाडी हळू केली, वर बघितलं आन् इचारलं, "ह्यो तुमचाच का वं?"

लालासाब म्हनला, "गाडी गुऱ्हाळाकडं घ्या."

आता ह्ये ध्यानात घे. गावात गुऱ्हाळं सा. साही मालकांनी दिवाळीला भैरोबाच्या देवळात भंडारा उचलून आन घेतली व्हती, की टायर जाळायचं न्हाई, झाड तोडायचं न्हाई, चुलाणात निस्तं रस काडल्यालं उसाचं चिपाड घालायचं. ह्ये समदं लालासाबाच्या भाच्यानं डोस्क्यात घातल्यालं. जयराज, त्यो इंजिनेरिंग कालेजातला. त्यो म्हनला, चिपाडाचा धूर फुडल्या वर्साचा ऊस परत वडून घेतोय, टायरचा धूर तसाच वर ऱ्हातोय, आन् त्येनं समद्या जगाची हवा तापाय लागलीया. तवा हंबीरराव म्हनला, "आमच्या सा चुलाणांनी जग तापतंय व्हय? मग थंडीत आमी गोधडी कशाला घेतोय रं?" लय हसली समदी. पर भंडारा त्येनंबी उचलला. जेचा धूर काळा, त्येचं चुलाण तितंच इझवायचं आन् तीन दिस बंद. गेल्या म्हैन्यात हंबीररावाचंच चुलाण इझवलं. निम्मा शिजल्याला काहीलभर रस वाया गेला त्येचा. पाण्याची घागर कुणी वतली? लालासाबानं.

तर दोघं गुऱ्हाळावर आली. चुलाणाम्होरं जाळ घालणारा जोतीराम जाळव्या हुबा, हातात लोखंडी आकडी, त्वांड काळं.

"मालक, रातच्या अवकाळीनं चिपाडं भिजली. जाळच धरंना. गाडीचं जुनं टायर पडलं व्हतं, त्ये घातलं. रस नासला असता, मालक."

रस व्हता रंगुबाईचा. वर्साचा समदा ऊस, एकच काहील. म्हातारी काहिलीच्या कडंला हुबी, नजर रसावरनं हालंना. लालासाबानं घागर उचलली, तशी ती आडवी आली.

"आवं लालासाब, धूर तर गेला की वर! आता इझवून त्यो खाली येतोय व्हय?"

लालासाब घागर घिऊन तसाच. वतंना बी आन् ठेवंना बी. त्येनं हंबीररावाकडं बघितलं. बाकीची चौघं मालक अजून बाजारातच व्हती. बघणारा ह्यो एकटाच.

हंबीरराव म्हनला, "मी काय बघितलं न्हाई. मी म्हशीकडं बघत व्हतो."

"तुमच्या टायमाला मी म्हशीकडं बघितलं न्हवतं, हंबीरराव."

मग त्येनं घागर खाली ठेवली. जोतीरामाच्या हातातली आकडी घेतली आन् पेटल्यालं टायर वडून भाईर काडलं. घागर त्येच्यावर वतली. अशी वाफ निघाली गड्या, कोन कुटं हाय त्येच दिसंना. वाफ इरली तवा काहिलीचा बुडबुडा थंडावल्याला. रंगुबाईनं पदर त्वांडाला लावला.

लालासाबानं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग वर.

वर छप्पर, पाचटाचं, उसाच्या वाळल्या पाल्याचं. सावलीला घातल्यालं, त्येच्याखाली गडी जेवत्यात. वरनं भिजल्यालं, पर आतनं खडखडीत. त्यो पिपावर चडला आन् आतनं हात घालून पेंडीच्या पेंडी उपसाय लागला.

जोतीराम वरडला, "मालक, आवं छप्पर हाय त्ये!"

"पाचट हाय. उसाचंच हाय. घाल."

हंबीररावानं धोतार खोचलं आन् दुसऱ्या बाजूनं चडला. रंगुबाई पेंड्या झेलाय लागली. पाचट लय पटापट जळतं, जोतीरामाला दम घ्याय मिळंना. अर्धा तास म्हंजी अर्धा तास, तिघं वर-खाली, वर-खाली. धुराड्यातनं पांढरा धूर सुरू झाला. कुणीबी बघितला न्हाई, वर बघाय सवड कुणाला?

पाक आला. काहील उतरली, गूळ थंड व्हाय वाफ्यात वतला. जोतीराम तितंच खाली बसला.

लालासाब हिरीवर गेला. दुसरी घागर भरून आनली आन् आपल्या हातानं चुलाणात वतली. धगधगतं व्हतं गड्या अजून.

"तीन दिस बंद," म्हनला.

रंगुबाईनं ऊन ऊन गुळाचा गोळा तिघांच्या हातावर ठेवला. सावली ऱ्हायलीच न्हवती, मग उनातच बसली चौघं. वर निस्ती बांबूची कैची आन् आभाळ. हंबीररावानं बोटं चाटली आन् वर बघितलं.

"तीन दिस लय झालं की वं. छप्पर दोन दिसात हुतंय. माज्याकडचं पाचट वाळल्यालं हाय, सकाळी गाडी धाडतो."

आता बोल, अवधूत. ऊस दुसरीचा, छप्पर तुज्या डोस्क्यावरचं, आन् बघाय एकटा हंबीरराव, त्योबी म्हशीकडं बघणारा. तू काय केलं असतंस रं?