पोट बारीक करणारे डॉक्टर

“चरबी कापून काढत नाहीत हो बाई,” डॉक्टर हिंगोरानी म्हणाले. “कोणी सांगितलं तुम्हाला हे?”

कोणी सांगितलं ते इंदुबाईला आठवेना. गावात, चामटोलीत, कुणाच्या तरी तोंडून आलं होतं. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, मुंबईचे एक डॉक्टर येतात, पोट फाडून चरबी काढतात, आठवड्यात माणूस बारीक होऊन घरी. साल अठ्ठ्याण्णव. असली ऑपरेशनं तेव्हा मुंबईतसुद्धा मोजकीच होत. पण इंदुबाई तेवढ्या ऐकीव गोष्टीवर निघाली होती. दवाखान्याचा जिना चढताना धाप लागून मधेच बसली. तिची विहीण बनूबाई, काडीसारखी बाई, वरच्या पायरीवर गुपचूप उभी राहून तिची वाट बघत होती.

बनूबाई सोबत आली ती जयदेवच्या सांगण्यावरून. जयदेव तिचा मुलगा, इंदुबाईचा जावई. तो आज इस्पितळात अंजनीपाशी, इंदुबाईच्या मुलीपाशी, बसला होता. बाळंतपणात अंजनीचं मूल गेलं आणि पाठोपाठ तिच्या दोन्ही किडन्या. यंत्रावर रक्त धुऊन आणलं की ती जरा हसायची, बोलायची. मग पुन्हा सुजायची. किडनी बदलायला हवी, तिथले डॉक्टर म्हणाले. अंजनीच्या वडिलांचं, धर्मराजांचं, रक्त जुळलं नाही. जयदेवचंही नाही. मामाचं नाव निघालं तशी मामी भांडून माहेरी गेली. जुळलं ते इंदुबाईचं. पण तिला काट्यावर उभं करून, दंडाला पट्टा बांधून डॉक्टरांनी मान हलवली. एवढ्या वजनात, एवढ्या बीपीत तुमची किडनी काढली तर तुम्हीच उठणार नाही. आधी वजन उतरवा.

इंदुबाईने भात सोडला, भाकरी सोडली. नुसत्या ताकावर राहिली आणि एक दिवस चुलीपाशी चक्कर येऊन पडली. अंग होतं तेवढंच राहिलं.

“मग करता काय तुम्ही?” तिने विचारलं.

डॉक्टरांनी अंगठा वर करून दाखवला. “जठराचा वरचा एवढासा भाग टाके मारून वेगळा करतो. जेवण मावणार ते एवढ्यातच. दोन घास जास्ती गेले की उलटी. आणि हे महिना-दोन महिने नाही, जन्मभर. गोळ्या जन्मभर, तपासण्या जन्मभर. केस गळतील. आतला टाका सुटला, पायात रक्ताची गाठ झाली, तर जान पण जाऊ शकते. पेशंटने हे सगळं समजून घेतलं पाहिजे. जादू नाहीये ही.”

“चालेल.”

“काय चालेल?”

“सगळं चालेल. उद्याच करा.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माँजी, ऐका. वजन टेबलावर उतरत नाही. घरी गेल्यावर हळूहळू उतरतं. तुम्हाला वर्ष तरी लागेल. त्यानंतर किडनीवाले तुम्हाला बघतील.”

वर्ष. खालच्या गल्लीत जीन्स शिवणाऱ्या मशिनी खडखडत होत्या. अंजनीपाशी वर्ष नव्हतं. तसं इंदुबाईला कोणी सांगितलं नव्हतं, पण परवा इस्पितळात डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेल्या जयदेवचं तोंड तिने पाहिलं होतं.

ती खुर्चीवरून घसरत खाली आली. तिने डॉक्टरांचे पाय धरले.

“साहेब, तुम्ही फक्त कापा. जगले तर जगले. आणि मेले, तर तेव्हाच काढून घ्या किडनी आणि पोरीला लावा. मेलेल्या बाईचं वजन कोण बघतं?”

“अरे, उठा, उठा!” डॉक्टर पाय मागे घेत म्हणाले. “असं नाही होत. तुमच्या गुडघ्यांसाठी, बीपीसाठी करायचं असेल तर या. घरच्यांना घेऊन, विचार करून या. मुलीला वाचवायचं हे ऑपरेशन नाही.”

इंदुबाईला उठायचं होतं, पण गुडघे उचलेनात. जमिनीवर हात टेकून ती तशीच बसून राहिली. रडूसुद्धा येईना. मग तिच्या काखेत एक हात शिरला. हाडकुळा, बोटं जीन्सचे धागे कापून कापून निळी पडलेली. बनूबाईचा हात. इंदुबाईने तो झिडकारला.

“तुम्हाला काय हो, विहीणबाई! तुम्ही दुसरी सून आणाल. ‘किती दिवस चालायचं असं?’ तुम्हीच म्हणत होतात ना परवा इस्पितळात, शेजारच्या खाटेवरच्या बाईपाशी? ऐकलंय मी.”

 बनूबाईने पुन्हा हात घातला, जोर लावून इंदुबाईला उठवलं, खुर्चीत बसवलं. तिचा खांद्यावरून ओघळलेला पदर नीट केला. स्वतः मात्र बसली नाही. टेबलासमोर जाऊन उभी राहिली. सकाळपासून तिने तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे पहिला शब्द घोगरा निघाला.

“डॉक्टर, सासूची चालते का?”

“काय चालते?”

“किडनी. सासूची सुनेला चालते का? मला बीपी नाही, शुगर नाही. वजन तर तुम्ही बघताच आहात.”  इंदुबाईकडे न बघता ती म्हणाली, “माहेरच्यांना विचारून झालं, मुलाचं रक्त तपासून झालं. त्याच घरात मी पण राहते, साहेब. मला कोणी विचारलंच नाही.”