जाऊन येऊ

आमच्या खारी कुत्रीने पुन्हा पायपुसण्यावर मुतून ठेवलं होतं. वर्तमानपत्र पसरणं, बिस्किटाचं आमिष, दर दोन तासांनी फाटकाबाहेर नेणं, सगळं करून झालं. बाहेर ही टीचभर कुत्री पाय रोवून थरथरायची आणि घरात शिरताच मोकळी व्हायची. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी तिला एसटी स्टँडच्या खांबाला बांधून निघून गेलं होतं. तिथून मी उचलून आणली.

मी वैतागून पट्टा उचलला. "चल, जाऊ बाहेर."

ती पलंगाखाली शिरली.

"जाऊ काय?" फरशीवर फिनेल ओतत सासूबाई करवादल्या. "आपण निघताना 'येतो' म्हणतो. हिला एकदा नेऊन सोडलंय. परत यायचंय हे कोण सांगणार?"

पट्टा त्यांनीच घेतला. "येतो गं," असं मला म्हणत खारीसकट उंबरा ओलांडला आणि लगेच आत आल्या. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. आठवडाभर हेच, तेही गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणाऱ्या बाईंचं.

आठव्या दिवशी खारी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसली आणि मोकळी झाली. मग वळून, पट्टा ताणत तिनेच सासूबाईंना घरी आणलं.

"आलो गं," उंबऱ्यातून त्या म्हणाल्या.