वर्षश्राद्धाचा कावळा

जानेवारीत ओमानमधल्या सोहारच्या कचरा डेपोवर कावळे नुसते माजले होते. ते टिपायचं काम अर्बाबने, म्हणजे तिथल्या मालकाने, चिपळूणच्या दिगंबरला आणि त्याच्या जोडीदाराला, दापोलीच्या मुजम्मिलला लावलं. दोघांनी इतके कावळे पाडले, की पुढे पुढे दिगंबरची नुसती टोपी दिसली तरी सगळे झाड सोडून पळायचे.

नेमकं त्यातच दिगंबरच्या वडलांचं, अण्णांचं वर्षश्राद्ध आलं. दिगंबरने डब्यातला दहीभात डेपोच्या कुंपणाशी वाढला आणि टोपी काढून लांब उभा राहिला. सकाळी लख्ख ऊन होतं, मग वारा सुटला, धुळीने आभाळ भरलं, पाऊससुद्धा भुरभुरायला लागला, पण कावळा काही शिवेना.

"वडलांची कायतरी इच्छा राहिली असेल. बोल ना काय ते," पिकअपच्या आडून मुजम्मिल म्हणाला.

"अण्णा, आईला चार महिने इकडे आणीन."

कावळा नाही.

"धाकट्याशी अबोला सोडीन."

तरी नाही. शेवटी दिगंबर रडकुंडीला आला. हात जोडून पुटपुटला, "अण्णा, तुमची शपथ, पुन्हा कावळ्यावर बंदूक उचलणार नाही!"

आणि काय सांगावं! समोरच्या बाभळीवरून एक म्हातारा कावळा उतरला, तुरुतुरु आला आणि त्याने सरळ भाताला चोच लावली.

"आलात, अण्णा!" दिगंबरने भरून आलेले डोळे मिटले.

ठो!



"अरे, शिवेस्तोवर थांबलेलो ना मी!" बंदूक खाली करत मुजम्मिल म्हणाला.