दहा ईमेलनंतर

गोव्यात बायका रात्री नाचत गातात ती धालोची जुनी गाणी ब्लॉगवर लिहायचीच, असं मांद्र्याच्या सत्यवतीने साठी ओलांडल्यावर मनावर घेतलं. डिचोलीचा दत्तप्रसाद तिला दर मंगळवारी ईमेल पाठवून ब्लॉग चालवायला शिकवायचा. पण त्याचे दहा ईमेल वाचूनही तिचं पान कोरंच राहिलं. अखेर लॅपटॉप पिशवीत घालून ती दोन बस बदलून थेट त्याच्या दारात उभी राहिली. "पुता, समोर बसान सांग." तो लालबुंद झाला. "मा-माई, मी बोलताना अ-अडखळतंय. म्हणान ईमेल." "अडखळ रे खुशाल! माका खंय घाई आसा?" मग तो अडखळत सांगत गेला, ती बटणं दाबत गेली, त्याचा शब्द अडकला की ती शांतपणे थांबायची. दुपारी तिचं गाणं ब्लॉगवर झळकलं, तेव्हा टाळ्या वाजवत ती मोठ्याने गाऊच लागली. ती निघाली तसा तो फाटकापर्यंत धावत आला. "माई, मं-मंगळवारी ईमेल नको, तुमीच येवा!"