काच बदलायला दिलेला फोन

२०१९ सालचा वसंत. गावातला एक मुलगा पळवून नेऊन जबरदस्तीनं लग्न लावेल, या भीतीनं थोरल्या दिरांची नात आइझिरेक किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला गेली होती. ती कुठे लपली आहे ते फक्त माझ्या धाकट्या जावेला, बुरुलचाला ठाऊक होतं. मी आमच्या नारिनच्या बाजारात माझा फोन काच बदलायला टाकला होता. दुपारी शेजारणीच्या फोनवर बुरुलचा कडाडली, "जाऊबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? मेसेजमध्ये थोरल्या दिरांचं चक्क नाव लिहून 'ते आइझिरेकचा पत्ता विचारतायत' म्हणता?" लग्नाला पन्नास वर्षं होत आली, सासरच्या थोरल्या पुरुषांचं नाव आम्हा सुनांच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. "ते मी लिहिलेलं नाही. उत्तर देऊ नकोस," मी म्हणाले आणि डोक्याला रुमाल बांधून निघाले. दुकानात आइझिरेकला पळवू पाहणारा मुलगा दुकानदाराशेजारी बसून माझ्याच फोनकडे बघत होता. मी हात पुढे केला. "आजी, चुकून उघडला," दुकानदार पुटपुटला. "काच बदलायला दिली होती, जीभ नव्हे. सून थोरल्यांचं नाव घेते का, आईला विचार." शेजारणीनं बोलावलेले पोलीस येईपर्यंत मी दारातून हलले नाही. दुकान वर्षभरात बंद पडलं. तो मुलगा रशियात मजुरीला गेला. बुरुलचा दोन वर्षांपूर्वी वारली. आइझिरेक आता दातांची डॉक्टर आहे. लग्न तिनं स्वतः ठरवलं. ज्यावरून तो मेसेज गेला त्या ॲपच्या कंपनीला मी लिहिलं, "उघड्या फोनवरून कुणीही आमच्या नावानं बोलतं, निदान ओळख तरी विचारा." उत्तर आलं, "फोन सांभाळणं तुमचं काम." त्यांना मी अजून लिहिते, आता नातसुनांनाही लिहायला लावते.