चौथा ठोका

पाचला दोन मिनिटं कमी असताना हवालदारानं कॉम्प्रेसर बंद केला आणि सगळ्यांना आपापल्या घड्याळांची टिकटिक ऐकू यायला लागली.

हवालदार म्हणजे पोलिसातला नव्हे. खाणीत हवा सोडतो, म्हणून हवालदार. सव्वीस वर्षं तो वर बसून खालच्यांना हवा पुरवत होता आणि स्वतः एकदाही खाली उतरला नव्हता. उतरला तो त्याचा मुलगा. नोकरी बापानंच लावून दिली होती.

छत कोसळल्याला आज आठ दिवस झाले होते. ढिगाऱ्यापलीकडे चौघं अडकले होते. मुलगा त्यातला एक. पलीकडे पोचणारी एकच गोष्ट शाबूत होती, ती म्हणजे हवेचा पाइप. कॉम्प्रेसरघरातून निघून वसाहतीच्या परसांमागून तो खाणीच्या तोंडापर्यंत जायचा आणि तिथून थेट खाली.

मॅनेजरसाहेब मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेऊन बसले होते. त्यांच्या डोक्यावर पाटी होती : ‘अपघाताविना दिवस २१४’. ती बदलण्याचं काम ज्याच्याकडे होतं, तो त्या चौघांपैकीच एक होता.

“हाणा,” साहेब म्हणाले.

हवालदारानं पान्यानं पाइपावर तीन ठोके दिले. यासाठी हातोडा बरा पडला असता, पण घरातला हातोडा पाच-सहा दिवसांपासून सापडत नव्हता. त्यानं पाइपाला कान लावला.

पहिले दोन दिवस काहीच उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी साहेबांनी सांगून टाकलं होतं, उद्याही आलं नाही तर खोदणं थांबवायचं. हवालदारानं घरी जाऊन बायकोला तसंच सांगितलं.

आणि तिसऱ्या दिवशी पाचला उत्तर आलं. चार ठोके. तीन दमानं, चौथा घाईचा.

“चौथा आमचा!” हवालदार ओरडला होता. “घरचं दारसुद्धा असंच बडवतो, घोडा!”

फोरमननं त्याला मिठी मारली. खोदणारी माणसं दुप्पट झाली. तेव्हापासून रोज पाचला चार ठोके येत आणि साहेब वहीत चार खुणा करत.

“उपाशीपोटी वेळेवर हजर!” फोरमन म्हणायचा. “वर असताना कधी आले होते का लेकाचे वेळेवर?”

सगळे हसायचे.

बाकीच्या तिघांच्या घरची माणसं दिवसभर खाणीच्या तोंडाशी बसून असत. शेजारपाजारही तिथंच. वसाहतीत चिटपाखरू नसे. हवालदाराची बायको तेवढी तिकडे फिरकली नाही. “मला ते तोंड बघवत नाही,” म्हणाली. बायका म्हणाल्या, आई आहे की दगड. ती एकटी घरी बसायची आणि सव्वापाचला डबा घेऊन धापा टाकत कॉम्प्रेसरघरात यायची. तळवे गंजानं तांबूस झालेले.

“परसदाराची कडी गंजलीय,” ती म्हणायची. “आज किती?”

“चार.”

“मग जेवा आता. माझ्यासमोर.”

चार ऐकल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, हे तिला ठाऊक होतं.

आज पाच वाजून गेले. हवालदारानं पुन्हा तीन ठोके दिले. पुन्हा कान लावला. फोरमननं दुसऱ्या बाजूनं लावला. पाइप मुका.

“झोपले असतील,” फोरमन म्हणाला.

“चौघंही?”

साहेबांनी चष्मा पुसला. “उद्या पाचला शेवटचं बघू. उद्याही नाही आलं, तर…” ते वाक्य पुरं करणं साहेबांच्या अधिकारात होतं, पण त्यांनी केलं नाही. वही मिटली.

हवालदारानं कॉम्प्रेसर सुरू केला आणि फोरमनला त्याच्याजवळ बसवून तो घरी निघाला. आज डबा येणार नव्हताच. सकाळपासून बायको तापानं फणफणली होती.

रस्ताभर तो काय सांगायचं ते जुळवत होता. हे ऐकलं तर ती अंथरुणातून उठायची नाही. एकाला आपण खाली घालवलंच आहे, आता हिला नको. निदान ताप उतरेपर्यंत तरी नको.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याची चाहूल लागताच वळली. ओठ सुकलेले.

“कॉम्प्रेसर थांबल्याचं कळलं मला,” ती म्हणाली. “उठायला गेले, तर पायच लटपटले. आज राहिलंच हो.”

“डब्याचं काय घेऊन बसलीस? मला काय एका दिवसात उपासमार होतेय?”

आज किती, हे तिनं विचारलं नाही. म्हणून त्यानं आपणहून सांगितलं.

“चार आले.”

ती बघतच राहिली. मग कोपरावर जोर देऊन उठून बसली आणि तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. हात नुसता भाजत होता.

“आज? आज पाचला?”

“रोजच्यासारखे. चौथा घाईचा.”

“माझी शपथ?”

“तुझी शपथ.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्या पाण्यातच ती हसायला लागली. आठ दिवसांत पहिल्यांदा. तिनं पांघरूण भिरकावलं, खाटेखाली हात घातला आणि त्याचा हरवलेला हातोडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

“हा घ्या तुमचा. आता नाही लागायचा मला,” ती म्हणाली. “अहो, खरंच जिवंत आहे हो तो! आज तर मी पाइपापर्यंत गेलेसुद्धा नाही.”